डॅलसमध्ये जळलेला ध्वज आणि टेक्सासचे कलम ४२.०९

प्रकरण: टेक्सास विरुद्ध जॉन्सन. अमेरिकेचे सर्वोच्च न्यायालय, निकाल २१ जून १९८९, ५ विरुद्ध ४ मतांनी. आरोप एकच: वंदनीय वस्तूची विटंबना.

घटना

२२ ऑगस्ट १९८४. डॅलसमध्ये रिपब्लिकन पक्षाचे राष्ट्रीय अधिवेशन भरले होते आणि रोनाल्ड रेगन दुसऱ्यांदा उमेदवार होत होते. त्या दिवशी शंभरेक निदर्शकांचा मोर्चा शहरातून निघाला. रोख रेगन सरकारच्या धोरणांवर आणि डॅलसमधल्या काही कंपन्यांवर होता. मोर्चा ठिकठिकाणी थांबे, अणुयुद्धात माणसे मरतील तशी माणसे रस्त्यावर निपचित पडून राहत, मग घोषणा देत पुढे जात. काहींनी भिंतींवर रंगाचे फवारे मारले, कुंड्या उलथवल्या. त्यात ग्रेगरी ली जॉन्सनचा हात नव्हता. मात्र एका इमारतीसमोरच्या खांबावरून कोणी सहकाऱ्याने ध्वज उतरवला, तो जॉन्सनने आपल्याकडे घेतला.

मोर्चा सिटी हॉलपुढे संपला. तिथे ध्वज उलगडला, त्यावर रॉकेल ओतले आणि पेटवून दिला. भोवती घोषणा चालूच होत्या. कोणाला इजा झाली नाही, कोणाला धमकीही दिली गेली नाही. पाहणाऱ्यांपैकी काहींनी मात्र पुढे साक्षीत सांगितले की ते दृश्य आपल्या मनाला फार लागले. एकाने तर उरलेले तुकडे गोळा करून घरामागच्या अंगणात पुरले.

शंभरेक माणसांपैकी गुन्ह्याचा आरोप ठेवला गेला तो एकट्या जॉन्सनवर. ज्युरीने त्याला दोषी ठरवले. शिक्षा एक वर्ष कैद आणि २,००० डॉलर दंड, म्हणजे त्या वर्गाच्या गुन्ह्याला त्या वेळी देता येईल तेवढी सगळी.

कलमात काय होते

टेक्सास दंडसंहितेचे तेव्हाचे कलम ४२.०९ तीन उपकलमांचे होते. पहिल्यात वस्तूंची यादी: सार्वजनिक स्मारक, प्रार्थनास्थळ किंवा दफनभूमी, आणि राज्याचा किंवा राष्ट्राचा ध्वज. दुसऱ्यात विटंबनेची व्याख्या: विद्रूप करणे, नुकसान करणे किंवा अन्य प्रकारे वस्तूला हात लावून तिची अवहेलना करणे, आणि तेही अशा रीतीने की हे पाहणाऱ्या किंवा नंतर कळणाऱ्या एका तरी माणसाच्या भावना गंभीरपणे दुखावतील याची करणाऱ्याला जाणीव असावी. तिसऱ्यात वर्ग: अ वर्गाचा मिसडिमीनर, म्हणजे फेलनी या गंभीर गुन्ह्यांच्या वर्गाखालच्या गुन्ह्यांतली सर्वांत वरची पायरी.

ही भाषा टेक्सासची स्वतःची नव्हती. अमेरिकन विधिज्ञांच्या संस्थेने १९६२ मध्ये राज्यांसाठी एक नमुना दंडसंहिता तयार केली, तिच्या कलम २५०.९ चा मथळाच 'वंदनीय वस्तूंची विटंबना' असा आहे. अनेक राज्यांनी थोडाफार फरक करून तेच शब्द उचलले. नमुन्यात 'लोकांच्या संवेदना भडकतील' असे आहे, टेक्सासने 'गंभीरपणे दुखावतील' केले. भावना दुखावण्याची जाणीव हा घटक मराठी वाचकाला ओळखीचा वाटेल. भारतीय दंडसंहितेच्या कलम २९५ मध्येही, एखाद्या वर्गाला हा आपल्या धर्माचा अपमान वाटण्याचा संभव आहे याची जाणीव आरोपीला होती का, हे पाहिले जाई. तेच आता भारतीय न्याय संहितेचे कलम २९८ आहे, शिक्षा २ वर्षांपर्यंत.

म्हणजे फिर्यादी पक्षाला चार गोष्टी शाबीत करायच्या होत्या: कृत्य हेतुपुरस्सर किंवा जाणूनबुजून केले, वस्तू यादीतली आहे, तिला प्रत्यक्ष इजा केली, आणि कोणाला तरी ते गंभीरपणे झोंबेल हे आरोपीला ठाऊक होते. पहिल्या तिन्हींसाठी ध्वजाची राख पुरेशी. चौथीसाठी साक्षीदार लागतात, आणि डॅलसच्या सरकारी वकिलांकडे ते तयार होते. माणसे कोर्टात उभी राहिली, आपल्याला किती लागले ते सांगितले, ज्युरीला पटले. हाच भक्कम पुरावा पुढे टेक्सासच्या अंगलट आला. त्यातून एवढेच सिद्ध होत होते की गुन्हा ठरतो तो पाहणाऱ्याच्या मनात.

खटल्यातला एक तपशील

जॉन्सनचा बचाव सुरुवातीला अभिव्यक्तीपुरता नव्हता. ध्वज पेटवणारा मी नव्हेच, असेही त्याचे म्हणणे होते. म्हणून सरकारी पक्षाने ज्युरीला आणखी एक सूचना द्यायला लावली: दुसऱ्याच्या गुन्ह्याला जो चिथावणी देतो, प्रोत्साहन देतो किंवा मदत करतो, तोही त्या गुन्ह्याला जबाबदार. बचाव पक्षाने या सूचनेला खटल्याच्या वेळी हरकत घेतली नाही. सर्वोच्च न्यायालयात मात्र जॉन्सनने मुद्दा काढला की या सूचनेमुळे ज्युरीने मला निव्वळ घोषणांसाठी दोषी ठरवले असेल. हा मुद्दा चालला असता तर निकाल फार सोपा झाला असता. १९६९ च्या स्ट्रीट विरुद्ध न्यूयॉर्क खटल्यात ध्वज जाळणाऱ्याची शिक्षा याच कारणाने रद्द झाली होती: शिक्षा कृत्याला झाली की तोंडच्या शब्दांना, हे सांगता येत नव्हते. पण इथे न्यायालयाने तळटीपेत तो बाजूला सारला. टेक्सासचे कलम शब्दांना शिक्षा करत नाही, आणि हरकत घ्यायची ती वेळेवर घ्यायची होती. खालच्या कोर्टात न नोंदवलेली हरकत वर जाऊन मांडता येत नाही, हे तिथेही आपल्यासारखेच.

डॅलसच्या अपील न्यायालयाने १९८६ मध्ये शिक्षा कायम केली. टेक्सासच्या सर्वोच्च फौजदारी न्यायालयाने, म्हणजे कोर्ट ऑफ क्रिमिनल अपील्सने, १९८८ मध्ये ती उलथवली. शांतताभंगाबद्दल त्यांनी म्हटले की ज्या ध्वजदहनातून खरोखर गडबड उडण्याचा संभव आहे तेवढ्यांपुरते हे कलम आखलेले नाही आणि इथे तर गडबड झालीच नाही. एकतेच्या भावनेबद्दल म्हटले की ती सरकारी फर्मानाने निर्माण करता येत नाही. आधार १९४३ च्या बार्नेट निकालाचा, ज्यात शाळकरी मुलांवर ध्वजवंदनाची सक्ती करता येणार नाही असे ठरले होते. टेक्सास राज्य मग वॉशिंग्टनला गेले.

सर्वोच्च न्यायालयाची वाट

बहुमताचा निकाल न्या. ब्रेनन यांनी लिहिला. सोबत मार्शल, ब्लॅकमन, स्कॅलिया आणि केनेडी. शेवटचे दोघे रेगन यांनीच नेमलेले.

पहिली पायरी: हे कृत्य अभिव्यक्ती होते का? टेक्सासने तोंडी युक्तिवादातच ते मान्य करून टाकले होते, त्यामुळे इथे लढाई झाली नाही.

दुसऱ्या पायरीवर खरा पेच होता. कृतीतून होणाऱ्या अभिव्यक्तीवर निर्बंध असेल तर अमेरिकन न्यायालये दोन मापे वापरतात. सरकारचे हित अभिव्यक्ती दाबण्याशी संबंधित नसेल तर सैल माप. ते १९६८ च्या ओब्रायन खटल्यातले, जिथे सक्तीच्या लष्करभरतीचे कार्ड जाळणाऱ्याची शिक्षा कायम राहिली, कारण भरतीची यंत्रणा सुरळीत चालायला ती कार्डे शाबूत असणे सरकारला गरजेचे होते. हित अभिव्यक्तीशीच जोडलेले असेल तर मात्र सर्वांत कडक माप. कलम कोणत्या मापात बसते यावरच बहुतेक वेळा निकाल ठरून जातो, म्हणून वकिलांचा सगळा जोर इथे लागतो.

टेक्सासने दोन हिते पुढे केली. शांतताभंग टाळणे हे पहिले. पण शांतताभंग झाला नाही हे सरकारनेच कबूल केले होते, आणि राज्याकडे शांतताभंगाचे वेगळे कलम ४२.०१ आधीपासून होते. लोक चिडण्याची शक्यता आहे एवढ्यावरून अभिव्यक्ती दाबता येत नाही. हे हित इथे लागूच पडत नाही, असे म्हणून न्यायालयाने ते निकालात काढले.

दुसरे हित: राष्ट्राचे आणि एकतेचे प्रतीक म्हणून ध्वज जपणे. टेक्सासची भीती ही की अशा कृत्यांमुळे लोकांना वाटेल, ध्वजामागे राष्ट्र आणि एकता काही उरली नाही. पण ही भीती तेव्हाच खरी ठरते जेव्हा कृत्य काहीतरी सांगत असते. म्हणजे हित अभिव्यक्तीशीच बांधलेले. कडक माप लागले.

इथे ब्रेनन यांनी सगळ्यात साधा आणि सगळ्यात मर्मावर बसणारा दाखला दिला. फाटलेला, मळलेला ध्वज सन्मानाने नष्ट करावा, शक्यतो जाळून, असे अमेरिकेची स्वतःची ध्वजसंहिता सांगते. (भारताची २००२ ची ध्वजसंहिताही खराब झालेला तिरंगा खासगी जागी, शक्यतो जाळूनच, पूर्णपणे नष्ट करायला सांगते.) मग तेच कापड, तीच आग. एकाला कायदा शाबासकी देतो, दुसऱ्याला वर्षभर आत टाकतो. दोघांत फरक उरतो तो ज्वाळेमागच्या मताचा, आणि मत पाहून शिक्षा करायला अभिव्यक्तीस्वातंत्र्य जपणारी राज्यघटनेची पहिली दुरुस्ती मनाई करते.

निकालाचा पल्ला किती हेही नीट पाहायला हवे, कारण याच जागी वाचणारे हमखास घसरतात. न्यायालयाने कलम ४२.०९ संपूर्ण रद्द केले नाही. जॉन्सनच्या कृत्याला ते लावणे तेवढे घटनाबाह्य ठरवले. उदाहरण त्यांनीच दिले: एखादा थकलाभागला माणूस ध्वज चिखलातून फरफटत नेईल, लोक दुखावतील हे त्याला ठाऊकही असेल, पण त्याला काहीच म्हणायचे नसेल. अशा माणसाचे काय, ते त्या दिवशी उघडेच राहिले.

विरोधी मते दोन. सरन्यायाधीश रेन्क्विस्ट यांच्या मताला व्हाइट आणि ओकॉनर यांची साथ होती. ते इतिहासावर उभे आहे: स्वातंत्र्ययुद्ध, राष्ट्रगीत, दुसऱ्या महायुद्धात इवो जिमाच्या टेकडीवर ध्वज रोवणारे सैनिक. वाचायला दमदार, पण कलमाच्या शब्दांना ते फारसे भिडत नाही. न्या. स्टीव्हन्स यांचे स्वतंत्र मत जास्त अडचणीचे आहे. ते म्हणतात, हे कलम मताकडे पाहतच नाही. कोणी आदराने चौकात ध्वज जाळला आणि लोकांचा गैरसमज होऊन ते दुखावतील हे त्याला ठाऊक असले, तर तोही दोषीच. लिंकन स्मारकावर कोणी रंग फवारला तर त्याचा संदेश काय होता हे आपण विचारत बसतो का, असा त्यांचा रोख. बहुमताचे उत्तर असे की लोक दुखावतील की नाही हेच मुळी कृत्य काय सांगते त्यावर ठरते. उत्तर बरोबर आहे, पण स्मारकाचा प्रश्न त्याने सुटत नाही. स्मारक सार्वजनिक मालमत्ता असते, ध्वज स्वतःच्या पैशाने विकत घेतलेला असू शकतो. जॉन्सनच्या हातातला तसा नव्हता, आणि टेक्सासची खरी चूक इथेच आहे.

कोणते कलम टिकले असते

निकालात स्पष्ट नोंद आहे की जॉन्सनवर खटला फक्त विटंबनेचा होता. अनधिकृत प्रवेश, बेशिस्त वर्तन किंवा जाळपोळ यांचा नव्हता. ध्वज खांबावरून मालकाच्या परवानगीशिवाय उतरवला होता. चोरीचा माल आहे हे जाणून स्वीकारणे टेक्सासात चोरीतच मोडते. मालकाच्या संमतीशिवाय त्याची वस्तू नष्ट करणे हा मालमत्ता-नुकसानीचा वेगळा गुन्हा, कलम २८.०३. दोन्हींत पाहणाऱ्याला काय वाटले हा प्रश्न कोर्टापुढे येतच नाही.

अर्थात पुरावा वेगळा लागला असता. इमारतीच्या मालकाला किंवा व्यवस्थापकाला बोलावून ध्वज आमचा होता आणि नेण्याची परवानगी दिली नव्हती हे वदवून घ्यायचे. ध्वज हातात घेताना तो कुठून आला हे जॉन्सनला ठाऊक होते, हे सिद्ध करायचे. मोर्चातला माणूस, खांब समोरच, हे तितके अवघड नव्हते. पेटवला कोणी यावर वाद होताच, पण साथीदारीची सूचना तिथेही चालली असती. आणि किंमत. चोरी आणि नुकसान यांचा वर्ग टेक्सासात डॉलरांवर ठरतो. एका कापडी ध्वजाची किंमत ती किती, त्यामुळे शिक्षा खालच्या पायरीवर अडकली असती. कलम ४२.०९ मध्ये कापडाच्या किमतीशी देणेघेणे नव्हते, थेट एक वर्ष. मोहाचे कारण हेच असावे असे फिर्याद वाचताना वाटत राहते. छोटी पण टिकणारी शिक्षा आणि मोठी पण उडून जाणारी शिक्षा यांत दुसरी निवडली गेली.

तीन वर्षांनी, १९९२ मध्ये, मिनेसोटातल्या सेंट पॉल शहराच्या खटल्यात हीच गोष्ट पुन्हा दिसली. काही तरुणांनी एका कृष्णवर्णीय कुटुंबाच्या कुंपणाआत क्रॉस जाळला. शहराने द्वेषमूलक प्रतीकांविरुद्धचा खास नियम लावला, तो सर्वोच्च न्यायालयात उडाला. जाळपोळ, दहशतीची धमकी, मालमत्तेचे नुकसान ही राज्याची साधी कलमे हाताशी होती, पहिल्या दोन्हींना पाच-पाच वर्षांपर्यंत शिक्षा होती, हे न्यायालयाने तळटीपेत मोजून दाखवले. ऑगस्ट २०२५ मध्ये ट्रम्प यांनी ध्वजदहनाविरुद्ध काढलेला आदेशही अभिव्यक्तीशी संबंध नसलेल्या अशाच कायद्यांवर, आग लावण्याच्या आणि मालमत्तेच्या कलमांवर, भर देतो. मथळा कितीही मोठा असला तरी वाट तीच उरली आहे.

निकालानंतर

जॉन्सन निकालाच्या वेळी ५० पैकी ४८ राज्यांत ध्वजाच्या विटंबनेचे कायदे होते. अलास्का आणि वायोमिंग तेवढे वेगळे. काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, त्याच वर्षी ध्वज संरक्षण कायदा केला आणि त्यातून भावना दुखावण्याचा घटक काढून टाकला. जो कोणी ध्वज जाळेल, फाडेल, तुडवेल तो दोषी, एक वर्षापर्यंत कैद. जीर्ण ध्वजाची विल्हेवाट तेवढी वगळलेली. ११ जून १९९० रोजी आयकमन खटल्यात तोही पडला, पुन्हा ५ विरुद्ध ४, तेच नऊ न्यायाधीश तसेच विभागलेले. विल्हेवाटीचा अपवाद ठेवला की मताचा भेद मागच्या दाराने परत येतो. राज्यघटनाच बदलण्याचा प्रयत्न २००६ मध्ये सिनेटमध्ये ६६ विरुद्ध ३४ असा एका मताने हुकला.

टेक्सासनेही १९८९ मध्येच नवे कलम आणले, पुढे त्याचा क्रमांक ४२.११ झाला: ध्वजाचे नुकसान करणे, विद्रूप करणे, जाळणे. वर्ग तोच, अ. ते पोलिसांच्या पुस्तकात राहिले. २०१२ मध्ये लव्हलेडी या छोट्या गावात एका तरुणाने दुकानापुढचा ध्वज काढून रस्त्यावर फेकला आणि त्याच्यावर तेच कलम लागले. म्हणजे १९८९ मध्ये उघडा राहिलेला, काही म्हणायचे आहे की नाही हे स्पष्ट नसलेला माणूस अखेर कोर्टात आला. ऑक्टोबर २०१५ मध्ये कोर्ट ऑफ क्रिमिनल अपील्सने ठरवले की कलमाची पकड इतकी रुंद आहे की त्यात संरक्षित अभिव्यक्ती मोठ्या प्रमाणात सापडते, म्हणून ते मुळातच रद्द. ध्वज दुसऱ्याचा होता, पण आरोपपत्र पुन्हा विटंबनेचेच. २८ वर्षांत फिर्यादीची सवय बदलली नव्हती.

स्मारके, प्रार्थनास्थळे, थडगी

जुन्या कलमातल्या बाकीच्या वस्तूंना टेक्सास आज कलम २८.०३ खाली सांभाळते. प्रार्थनास्थळ, दफनभूमी किंवा सार्वजनिक स्मारकाचे ७५० ते ३०,००० डॉलरच्या दरम्यान नुकसान झाले तर गुन्हा थेट स्टेट जेल फेलनी होतो: १८० दिवस ते २ वर्षे आणि १०,००० डॉलरपर्यंत दंड. इथे दुरुस्तीचे अंदाजपत्रक हाच मुख्य पुरावा, आणि दगड बदलण्याचा, रंग काढण्याचा खर्च कागदोपत्री नीट मांडला नाही तर वर्ग खाली घसरतो.

इतर काही राज्यांत 'वंदनीय वस्तू' अजून पुस्तकात आहेत. टेनेसीत ११ महिने २९ दिवसांपर्यंत, पेनसिल्व्हेनियात २ वर्षांपर्यंत. ध्वजापुरती ही कलमे जॉन्सन निकालानंतर निर्जीव आहेत, बाकी वस्तूंपुरती नाहीत.

केंटकीत उलटाच अनुभव आला. १९८७ च्या अखेरीस युनियनटाउनजवळच्या स्लॅक फार्मवर दहा जणांनी जमीनमालकाला १०,००० डॉलर देऊन खोदकामाचा हक्क घेतला आणि मूलनिवासींच्या जुन्या गावाची दफनभूमी उकरली. ४५० हून अधिक खड्डे, सगळीकडे विखुरलेली हाडे. खोदणाऱ्यांना बाजारात विकायच्या होत्या त्या थडग्यांत ठेवलेल्या वस्तू. शेजाऱ्यांच्या तक्रारीवरून राज्य पोलीस आले, तेव्हा हाताशी होते ते वंदनीय वस्तूच्या विटंबनेचे कलम, आणि तो निव्वळ मिसडिमीनर. १९८८ मध्ये राज्याने थडग्यांचा भाग वेगळा काढून फेलनी केला. आजच्या कलम ५२५.१०५ नुसार मानवी अवशेष किंवा त्यांच्यासोबत पुरलेल्या वस्तू विकण्यासाठी किंवा त्यांतून पैसा करण्यासाठी खोदून काढणे हा क वर्गाचा फेलनी, ५ ते १० वर्षे. ध्वज, स्मारक आणि धार्मिक प्रतीके मागे कलम ५२५.११० मध्ये राहिली, 'संवेदना भडकतील याची जाणीव' या जुन्या शब्दांसह. खोदणाऱ्यांच्या कलमात ते शब्द नाहीत. तिथे सिद्ध करायचा असतो तो विक्रीचा हेतू.